लाकडी लंबक-घड्याळाचं किट दर पावसाळ्यात बंद पडतं: कारण कसं शोधायचं, दुरुस्ती कुठे करायची

तक्रार बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातली असते. मे महिन्याच्या सुट्टीत प्लायवुडचं लंबक-घड्याळाचं किट जोडलं. आठ-पंधरा दिवस ठणठणीत चाललं. मृगाचा पाऊस लागला आणि टिकटिक अडखळू लागली. वजन वाढवलं की तासभर चालायचं, पुन्हा थांबायचं. चवथीच्या सुमारास पूर्ण बंद. दिवाळीनंतर कुणीही हात न लावता सुरू. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून तेच.

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही हे घडतं, कारण त्यामागचं कारण हवेत आहे आणि ते दरवर्षी येतं. यावर सर्रास दोन उपाय केले जातात: वजन वाढवणं आणि सगळ्या भागांना व्हार्निश मारणं. दोन्ही मुळाशी जात नाहीत. दुरुस्ती करायची ती चाकाची आस आणि ती ज्यात फिरते ते भोक यांच्यामधल्या मोकळिकीची.

आस फुगते, भोक फुगत नाही

अशा किटांत चाकं, चौकट आणि अँकर (लंबकासोबत हलून शेवटच्या चाकाचा एकेक दाता सोडणारा दुहेरी आकडा) साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडमधून लेझरने कापलेले असतात. आस म्हणून ४ ते ६ मिलिमीटरची गोल लाकडी काठी असते. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. त्यामुळे फळीच्या पातळीत प्लायवुड फारसं वाढत नाही आणि त्यातलं भोक जवळजवळ आहे तेवढंच राहतं. काठीला असं धरून ठेवणारं कुणी नसतं. ती लांबीत नगण्य वाढते, पण जाडीत फुगते.

किती फुगते ते आकड्यांत बघा. कारखान्यातून निघताना लाकडात वजनाच्या ६ ते ८ टक्के ओलावा असतो. हवेचं तापमान २७ अंशांच्या आसपास आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर लाकूड ९ टक्क्यांवर स्थिरावतं. ६५ टक्के आर्द्रतेला ते साधारण १२ वर जातं, ८५ टक्क्यांना १७-१८ वर आणि ९० टक्क्यांना २० वर. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत एसी नसलेल्या घरात आर्द्रता कित्येक दिवस ८५-९० च्या खाली उतरत नाही. म्हणजे काठीतला ओलावा किटच्या पेटीतून निघाल्यापासून १० टक्क्यांनी वाढतो. बर्च किंवा बीचसारखं लाकूड ओलाव्याच्या दर टक्क्यामागे आडव्या दिशेने साधारण पाव टक्का फुगतं. ४ मिलिमीटरची आस त्या हिशेबाने ०.१ मिलिमीटरने जाड होते, ६ मिलिमीटरची ०.१५ ने. किटमध्ये मुळात मोकळीक तेवढीच असते. ती संपली की आस भोकात आवळली जाते.

यात आणखी एक खोच आहे. लाकूड वर्तुळाकार वलयांच्या दिशेने जास्त फुगतं आणि गाभ्याकडून सालीकडे कमी. त्यामुळे गोल काठी लंबगोल होते. अडकलेली आस हळूच बाहेर काढून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहा. भोकात बसणाऱ्या भागावर चकचकीत काळपट कडं दिसेल, पण ते सगळीकडे सारखं नसेल. समोरासमोरच्या दोन बाजू गडद आणि घासलेल्या दिसतील, मधल्या दोन बाजू लाकडाच्या मूळ रंगाच्या. काळेपणा लेझरने जळलेल्या भोकाच्या कडेचा असतो. असं कडं दिसलं की निदान पक्कं झालं म्हणून समजा.

व्हार्निशने काम भागत नाही, कारण कोणताही लेप ओलावा थांबवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतो. एका दिवसातला चढउतार लेपामुळे सपाट होतो. चार महिने सतत टिकणारी दमट हवा मात्र लेपातूनही आत पोचते. उलट भोकात आणि आसेवर व्हार्निशचा थर चढला तर होती ती मोकळीकही गेली.

आधी निदान, मग कानस

घड्याळ थांबलं की लगेच घासायला बसू नका. लंबक, चक्रांची साखळी (एकमेकांत गुंतलेली दातेरी चाकं) आणि एस्केपमेंट (अँकर आणि त्याच्यासमोरचं शेवटचं चाक, म्हणजे एस्केप व्हील) या तिघांना वेगळं करून तपासलं तर अर्ध्या तासात दोषी कोण ते कळतं.

पहिली तपासणी एकट्या लंबकाची. अँकर काढा किंवा लंबकापासून सोडवा. लंबकाच्या मागे कागदावर अंशांची पट्टी काढून चिकटवा; टांगणीपासून २५ सेंटिमीटरवर १ अंश म्हणजे साधारण ४.४ मिलिमीटर. लंबक १० अंशांवरून सोडा आणि आयाम, म्हणजे झोक्याचा मध्यापासूनचा कोन, ५ अंशांवर येईपर्यंत पूर्ण आवर्तनं मोजा. जाऊन परत येणं म्हणजे एक. काठी भोकातून टांगलेल्या किटांत ही संख्या साधारण २० ते ४० भरते, पातळ पट्टीच्या टांगणीवर १०० च्या पुढे जाते. २० च्या खाली आली तर पुढे जाण्याआधी टांगणी दुरुस्त करा. मोजलेल्या संख्येला साडेचारने गुणलं की लंबकाचा क्यू, म्हणजे ऊर्जा टिकवून धरण्याची गुणवत्ता, अंदाजे मिळते.

या चाचणीत शिकण्यासारखं बरंच आहे. दर पाच आवर्तनांनी आयाम लिहून आलेख काढा. आकडे १०, ८, ६, ४ असे ठरावीक फरकाने उतरत असतील, म्हणजे आलेख सरळ रेषेत येत असेल, तर ऊर्जा टांगणीतल्या कोरड्या घर्षणात जाते आहे. १०, ८, ६.४, ५.१ असे ठरावीक प्रमाणात उतरत असतील, तर मुख्य अडथळा हवेचा आहे. पहिल्या प्रकारात टांगणी बदलून फायदा होतो. दुसऱ्यात गोळ्याचा आकार सडपातळ करा किंवा तो जड धातूचा घ्या. पावसाळ्यात एकच लंबक दुसऱ्या प्रकारातून पहिल्या प्रकारात सरकताना दिसतो.

दुसरी तपासणी चक्रांच्या साखळीची. अँकर बाजूला ठेवा आणि नेहमीच्या वजनाचा पाचवा हिस्सा दोरीला लावा. वजन १ किलो असेल तर २०० ग्रॅम. साखळी आपोआप फिरायला लागली पाहिजे आणि एस्केप व्हील शेवटपर्यंत न अडखळता गेलं पाहिजे. पूर्ण वजन लावून अँकर काढू नका. चक्रं सुसाट सुटतात आणि लाकडी दाते मोडतात.

साखळी एखाद्या जागी अडली की प्रत्येक चाकावर, चौकटीवरच्या एका ठरलेल्या खुणेसमोर, पेन्सिलीने ठिपका द्या. पुढे ढकला. पुन्हा अडली की पुन्हा ठिपके. तीन-चार वेळा असं केलं की ज्या चाकाचे सगळे ठिपके एकाच जागी जमतात ते चाक दोषी. त्याचा एखादा दाता जाड आहे, त्यावर लेझरची काजळी आहे किंवा चाक पिळलेलं आहे. एकाही चाकाचे ठिपके जमत नसतील आणि साखळी कुठेही अडत असेल, तर दोष दात्यांत नाही. तो आसांत आहे, आणि पावसाळ्यात तो आसांतच सापडतो.

तिसरी तपासणी एस्केपमेंटची, तीही पहिल्या दोन पार झाल्यावरच. लंबक हाताने अगदी सावकाश एका बाजूला न्या. एक दाता अँकरच्या एका पॅलेटवरून (दात्याला अडवणाऱ्या टोकावरून) सुटला की दुसरा दाता दुसऱ्या पॅलेटवर पडला पाहिजे आणि मधली उडी दोन्ही बाजूंना सारखी असली पाहिजे. अँकर फार खोल बसला असेल तर लंबकाला सुटकेसाठी जास्त आयाम लागतो. दमट दिवसांत आयाम घटला की घड्याळ तिथेच थांबतं. अँकर फार वर असेल तर दाते निसटतात आणि एस्केप व्हील खळखळ धावतं. अँकरच्या आधारपट्टीखाली पोस्टकार्डाच्या जाडीची चकती घालून किंवा काढून हे अंतर सुधारता येतं. एका वेळी एकच चकती.

टिक आणि टॉक यांतली अंतरं सारखी आहेत का तेही इथेच बघा. फायफॉक्स या मोफत ॲपमधलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच दोन टोल्यांमधलं अंतर मोजतं. एक सेकंदाच्या लंबकाला दोन्ही अंतरं ०.५० च्या जवळ हवीत. एक ०.४६ आणि दुसरं ०.५४ येत असेल तर अँकर आणि लंबक यांना जोडणारा काटा लंबक जिकडे जास्त जातो त्याच्या अंदाजाने किंचित वाकवा आणि पुन्हा मोजा. फरक वाढला तर उलट दिशेने. चौकटीखाली कागदाची घडी सारून तिरकी करणं ही तात्पुरती युक्ती झाली. घड्याळ उचलून दुसरीकडे ठेवलं की ती गेली.

वजन वाढवून काय होतं

हिशेब मांडल्याशिवाय हे पटत नाही. १ किलोचं वजन १ मीटर उतरताना ९.८ ज्यूल ऊर्जा देतं. घड्याळ त्यावर १२ तास चालत असेल तर सरासरी शक्ती ०.२३ मिलिवॉट. आता २०० ग्रॅमचा गोळा २५ सेंटिमीटरवर ६ अंशांच्या आसपास झुलतो आहे असं धरा. त्याच्यात २.४५ मिलिज्यूल ऊर्जा असते. क्यू २०० असेल तर तो दर सेकंदाला ०.०७७ मिलिज्यूल गमावतो. म्हणजे आलेल्या शक्तीचा तिसरा हिस्सा लंबकाला पुरतो आणि उरलेले दोन हिस्से आसा आणि दाते खाऊ शकतात. टांगणीची काठी फुगून क्यू ८० वर आला की लंबकालाच ०.१९ मिलिवॉट लागतात. साखळीसाठी फारसं काही उरत नाही.

वजन दुप्पट केलं तर शक्ती दुप्पट होते खरी, पण आसांवरचा भारही वाढतो आणि भारासोबत घर्षणही. आधीच आवळलेल्या आसेवर आणखी ताण टाकून मिळणाऱ्या शक्तीतला मोठा भाग तिथेच जिरतो. शिवाय ३ मिलिमीटरचे दाते दमट हवेत नरम झालेले असतात. मोठ्या वजनाखाली ते वाकतात आणि मग नोव्हेंबरमध्येही घड्याळ नीट चालत नाही. वजन वाढवायचंच तर मूळच्या सव्वापटीच्या पुढे नको.

आसांची दुरुस्ती

सगळ्यात कमी खटपटीचा उपाय आधी. डिजिटल कॅलिपरने आस दोन दिशांनी मोजा, एकदा मोजून ९० अंश फिरवून पुन्हा. भोकही मोजा. जुलैच्या दमट दिवशी, सगळ्यात फुगलेल्या दिशेनेसुद्धा ०.१५ मिलिमीटर मोकळीक उरली पाहिजे. ती नसेल तर आस ड्रिलमध्ये धरून मंद वेगाने फिरवा आणि फक्त भोकात बसणारा भाग ४०० नंबरच्या सँडपेपरने घासा. चाकं बसतात तो मधला भाग घासायचा नाही. मग त्या घासलेल्या भागावर पातळ सुपरग्लूचा एक थेंब फिरवून जिरू द्या, पूर्ण वाळला की पुन्हा ४०० आणि शेवटी ८०० नंबरने गुळगुळीत करा. सुपरग्लू तंतूंत शिरून पृष्ठभाग कडक करतो आणि तिथला ओलावा शोषण्याचा वेग बराच कमी होतो. शेवटी ६बी पेन्सिलीचं शिसं किसून ती पूड बोटाने चोळा.

तेल लावू नका. शिवणयंत्राचं तेल लाकडात मुरतं आणि धूळ धरून ठेवतं. आठवड्याभरात आस आधीपेक्षा जड फिरते. किटसोबत मेण आलं असेल तर ते दात्यांच्या घासणाऱ्या बाजूंवर अगदी पातळ फिरवा आणि कापडाने पुसून काढा. आसांना आणि पॅलेटना मेण नको, तिथे शिसं.

भोक मोठं करायचं झालं तर ड्रिल यंत्राने नव्हे. ४ मिलिमीटरच्या आसेसाठी ४.२ चं बिट बोटांत धरून फिरवा, काजळी निघेल तेवढंच. हे काम भर पावसाळ्यात करावं असं आमचं ठाम मत आहे. लाकूड सगळ्यात फुगलेलं असताना जी आस मोकळी फिरते ती वर्षभर मोकळी फिरते. जानेवारीत मोजून ठेवलेली मोकळीक जुलैत फसवते.

कायमचा उपाय हवा असेल तर लाकूड लाकडावर फिरवणंच बंद करा. आस ५-६ मिलिमीटरची असेल तर तिच्या दोन्ही टोकांना मध्यात २ मिलिमीटरचं, १० मिलिमीटर खोल भोक पाडा आणि सायकलच्या स्टेनलेस स्पोकचे १८ मिलिमीटरचे तुकडे इपॉक्सीने बसवा. सायकलच्या दुकानात मिळणारा साधा स्पोक २ मिलिमीटर जाड असतो. मध्य अचूक साधण्यासाठी सागाच्या ठोकळ्यात आसेच्या मापाचं भोक अर्ध्यापर्यंत पाडा, त्याच्या तळाला मधोमध २ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा, आस एका बाजूने घाला आणि बिट दुसऱ्या बाजूने. चौकटीतल्या भोकांत त्रिमिती प्रिंटरची पांढरी टेफ्लॉन नळी बसते: बाहेरचा व्यास ४ मिलिमीटर, आतला २. चौकटीचं भोक ४ चं असेल तर नळीचा चौकटीच्या जाडीइतका तुकडा दाबून घाला. भोक मोठं असेल तर आधी लाकडी बूच बसवून ४ चं भोक पुन्हा पाडा. स्पोक नळीत अडत असेल तर २.१ चं बिट हाताने एकदा फिरवा.

याचा फायदा दुहेरी आहे. स्टेनलेस आणि टेफ्लॉन दोन्ही ओलाव्याने फुगत नाहीत. आणि घर्षणाचा अडथळा आसेच्या त्रिज्येच्या प्रमाणात असल्यामुळे ६ वरून २ मिलिमीटरवर आलं की बाकी काही न बदलताही तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. ४ मिलिमीटरच्या काठीत २ चं भोक पाडायचा मोह टाळा, ती चिरते. तिथे संपूर्ण आसच ४ मिलिमीटरच्या पितळी किंवा कार्बन-फायबरच्या दांडीची करा आणि चौकटीचं भोक ४.२ ठेवा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी साधं लोखंड किंवा पियानो-तार वापरू नये. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजाचा खडबडीत थर येतो आणि आस लाकडी होती त्याहून वाईट फिरते.

टांगणीचंही असंच. भोकातली काठी काढून तिथे पातळ लवचीक पट्टी लावा. जुन्या एक्स-रे फिल्मची १० मिलिमीटर रुंद पट्टी छान चालते, ती ना फुगते ना गंजते. वरच्या आणि खालच्या टोकाला दोन लाकडी पट्ट्यांत घट्ट आवळा, मधे ८-१० मिलिमीटर मोकळी सोडा. लंबक आता आवळलेल्या कडेपासून किंचित खाली वाकतो, त्यामुळे परिणामी लांबी बदलते. वेळ नव्याने जुळवावी लागेल.

लेप कधी आणि कसा

लेप निरुपयोगी नाही. चाकं पिळू नयेत आणि बुरशी धरू नये म्हणून तो हवाच. पण चाकाच्या दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांना सारखा बसला पाहिजे. एकाच बाजूला व्हार्निश मारलेलं चाक दुसऱ्या बाजूने ओलावा पितं आणि ताटलीसारखं वाकतं. आस आणि भोक लेपातून वगळा. स्पिरिटमध्ये विरघळवलेलं लाखेचं पॉलिश पावसाळ्यात मारलं तर पांढुरकं पडतं, म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चचं, किंवा एसीच्या खोलीतलं. आधीच पिळलेलं चाक उन्हात किंवा ओव्हनमध्ये सुकवू नका. दोन सपाट काचांमध्ये दाबून, २०० ग्रॅम ताज्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात चार-पाच दिवस ठेवा.

दिसायला तेच, कारण वेगळं

घड्याळ किल्ली दिल्यानंतर दर वेळी साधारण तेवढ्याच तासांनी थांबत असेल तर ओलाव्याला दोष देऊ नका. उतरणाऱ्या वजनाची दोरी लंबकाच्या लांबीएवढी झाली की वजनाचा झुलण्याचा काळ लंबकाशी जुळतो, चौकटीच्या थरथरीतून वजन स्वतः झुलू लागतं आणि लंबकाची ऊर्जा पळवतं. २५ सेंटिमीटरच्या लंबकाला हे वजन कप्पीखाली पाव मीटरवर पोचताना होतं. थांबलेल्या घड्याळाजवळ जाऊन वजन हलतंय का बघा. चौकट भक्कम केली की हा त्रास जातो.

एकाच फळीवर दोन किटं शेजारी ठेवली की तीही एकमेकांची ऊर्जा ओढतात. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६६५ मध्ये एकाच आधारावर टांगलेल्या दोन लंबक-घड्याळांचे झोके आपोआप जुळून येताना पाहिले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत दहा किटं एका टेबलावर मांडली तर निम्मी का बंद पडतात त्याचं उत्तर यात आहे.

भिंतीचंही बघा. चिऱ्यांच्या जुन्या भिंतीला गिलाव्यातच ठोकलेला खिळा हलतो आणि प्रत्येक झोक्याला ऊर्जा गिळतो. चौकटीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवा. लंबकाच्या तालावर पाणी थरथरलं तर घड्याळाची भिंतीवरची टांगणी ढिली आहे. चिऱ्यात खोल भोक पाडून गट्टा घाला आणि स्क्रूने आवळा. नैऋत्येच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाचा मारा थेट येतो आणि जांभा पाणी धरून ठेवतो, तिथे घड्याळ लावूच नये. आतली भिंत घ्या, पंख्याच्या झोतापासून दूर.

सुती दोरी दमट हवेत फुगून कप्पीत अडकते. १ मिलिमीटरची विणलेली पॉलिएस्टर दोरी घाला, प्रश्न मिटतो.

लांबी जुळत नाही तेव्हा

घड्याळ चालू झालं की पुढची शंका ठरलेली असते: सूत्राप्रमाणे लांबी ठेवली तरी वेळ का चुकते? गोव्याच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण साधारण ९.७८४ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. त्यावरून १ सेकंद आवर्तकालाला लांबी २४.८ सेंटिमीटर येते आणि २ सेकंदांना ९९.१. युरोपातल्या किटच्या पुस्तिकेत दुसरी लांबी ९९.४ छापलेली असते, कारण लंडनला गुरुत्वत्वरण ९.८१२ आहे. तिकडे जुळवलेलं घड्याळ तसंच इथे आणलं तर दिवसाला सुमारे दोन मिनिटं मागे पडतं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे १६७२ मध्ये पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या काएनला गेला तेव्हा त्याचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडलं होतं. कारण हेच.

पण मोठी चूक दांडीच्या वजनाची असते. सूत्र वजनरहित दोरीचं आहे. २० ग्रॅमची २८ सेंटिमीटर दांडी आणि तिच्यावर २५ सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचा, ३ सेंटिमीटर त्रिज्येचा चपटा गोळा घ्या. त्याची परिणामी लांबी २४.५ सेंटिमीटर भरते आणि आवर्तकाल १.००४ ऐवजी ०.९९५ सेकंद. दिवसाला तब्बल १४ मिनिटांचा फरक. विद्यार्थ्यांकडून हा हिशेब आधी करून घ्या आणि मग मोजायला लावा.

आयामाचाही वाटा असतो. आयाम १० अंश असेल तर घड्याळ अगदी लहान झोक्याच्या तुलनेत दिवसाला १६४ सेकंद हळू चालतं, ६ अंशांना ५९ सेकंद. पावसाळ्यात घर्षणाने झोका लहान झाला की काही घड्याळं थांबण्याआधी पुढे धावू लागतात ती यामुळे. मागे रेटा देणाऱ्या अँकरच्या घड्याळात परिणाम उलटाही होतो, म्हणून इशारा म्हणून वेळेवर विसंबू नका. लंबकामागची अंशांची पट्टी कायम ठेवा आणि जूनपासून आठवड्यातून एकदा आयाम लिहा. तो दोन अंशांनी उतरला की आसा बघायची वेळ झाली.

बारीक जुळवणीसाठी गोळ्याखाली नट असतो. २५ सेंटिमीटरच्या लंबकाला १ मिलिमीटरने दिवसाला जवळपास तीन मिनिटं फरक पडतो. ४ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या स्क्रूचा आटा ०.७ मिलिमीटरचा, म्हणजे नटचा एक फेरा साधारण दोन मिनिटं. नट वर नेला की घड्याळ जलद. त्याहून बारीक हवं तर गोळ्याच्या वर नाणं ठेवा. वस्तुमानाचा केंद्रबिंदू किंचित वर सरकतो. लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर जुनी पेनी ठेवतात तीही याचसाठी, एका पेनीने दिवसाला ०.४ सेकंद.

डिसेंबरनंतरचा उलटा त्रास

पावसाळा निभावलेलं घड्याळ थंडीत दुसऱ्याच तऱ्हेने बिघडतं. आस आकसते आणि ज्या चाकांनी तिला घट्ट धरायचं असतं ती तिच्यावर घसरू लागतात. लंबक झुलतो, टिकटिक होते, काटे मात्र मागे राहतात. किंवा अँकर आसेवर किंचित फिरतो आणि टिक-टॉक लंगडी होते. एसीच्या खोलीत हे जुलैतही होतं. आसेवर आणि चाकाच्या तोंडाला एक सरळ पेन्सिलरेघ ओढून ठेवा. दोन दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर चाक घसरलं आहे. तिथे नुसता फेविकॉल भरू नका, दमट हवेत तो नरम पडतो. चाकाच्या तुंब्यातून आसेत आरपार १ मिलिमीटरचं भोक पाडा आणि पितळी तारेची खुंटी ठोका. मिनिटकाट्याचं चाक मात्र खुंटीने बांधायचं नाही. वेळ लावताना ते आसेवर फिरावंच लागतं. तिथे आसेभोवती पातळ चामड्याची पट्टी गुंडाळून घट्टपणा आणा.